सोर्सची गाडी आणि हेल्परचा बिल्ला

आरोग्याच्या पानावर आम्ही नेहमी पाणी, जुलाब, रक्ताची कमतरता, बाळंतपण यांबद्दल लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. दिंद्रुड, माजलगाव, धारूर, परळी या पट्ट्यातली आपली पोरे ऊसतोडीला पर्याय म्हणून ठेकेदाराकडे कामाला जातात. कुणी वेल्डरच्या हाताखाली, कुणी पाइपलाइनवर, कुणी बॉयलरच्या कामावर. त्यातल्या काहींना सांगितले जाते, "आरटीवाल्यांबरोबर जा, पेटी उचलायची, दोर लावायचा, लोकांना लांब ठेवायचे. रोज जास्त मिळेल." ती पेटी कसली, हे मात्र कुणी सांगत नाही. या पेटीबद्दल आमचे मत आम्ही मांडणार आहोत. मत पटो न पटो, त्यातली माहिती घराघरात पोचावी एवढी विनंती.

आधी पेटीत काय असते ते समजून घेऊ. लोखंडी नळ्यांचे जोड आतून पक्के आहेत की पोकळ, हे डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या हाडाचा जसा एक्स-रे काढतात तसा जोडाचाही काढावा लागतो. वीजनिर्मिती केंद्राचा बॉयलर असो, साखर कारखान्यातल्या वाफेच्या नळ्या असोत की गॅसची पाइपलाइन, जोड कच्चा राहिला तर स्फोट होतो आणि माणसे मरतात. म्हणून ही तपासणी हवीच. पण माळरानावर एक्स-रेचे मोठे यंत्र आणि वीज कुठून आणणार? त्यासाठी इरिडियम-१९२ नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ वापरतात. तो काही मिलिमीटरच्या तुकड्यांत असतो, धातूच्या कुपीत बंद असतो आणि कुपी छोट्या तारेच्या टोकाला बसवलेली असते. यालाच साइटवर 'सोर्स' म्हणतात. तो ज्या जड पेटीत ठेवतात तिला 'कॅमेरा' म्हणतात. पेटी हातात मावण्याएवढी असते, पण वजन वीस-पंचवीस किलोपर्यंत भरते, कारण आत किरण अडवणारा जड धातू असतो. काम करताना लांबून हँडल फिरवून सोर्स नळीतून बाहेर सरकवतात, फोटो निघाला की परत पेटीत ओढतात.

इरिडियमचा जोर ७४ दिवसांत निम्मा होतो, पुढच्या ७४ दिवसांत त्याच्याही निम्मा. म्हणून सोर्स वरचेवर बदलावा लागतो. आपल्या देशात हे सोर्स पुरवण्याचे काम अणुऊर्जा विभागाचे 'ब्रिट' हे मंडळ करते आणि त्याचे केंद्र नवी मुंबईत वाशीला आहे. वाशीहून दिंद्रुडचा रस्ता चारशे किलोमीटरहून अधिक भरतो. म्हणजे नवा सोर्स येणार, जुना परत जाणार आणि एक काम संपले की कॅमेरा दुसऱ्या साइटवर जाणार. या धंद्यात पेटी जेवढी कामाला तेवढीच रस्त्याला असते. आमचा मुद्दा या रस्त्याचा आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. नीट बंद केलेली, कुलूप लावलेली पेटी रस्त्याने गेली म्हणून गावाला काही होत नाही. अशी गाडी अडवा, असे आम्ही म्हणणार नाही. कॅन्सरच्या उपचारासाठी लागणारा कोबाल्ट आणि थायरॉइडच्या रोग्याला द्यायचे किरणोत्सर्गी औषधही असेच रस्त्याने आणि विमानाने जाते. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देतात, तो कांदा खाल्ल्याने कुणी किरणोत्सर्गी होत नाही. विज्ञानाची भीती घालणे हे आमचे काम नाही. आमचा प्रश्न साधा आहे. नियम मुंबईत लिहिला जातो आणि पेटी शेवटी ज्याच्या हातात असते त्याला तो कुणी वाचून दाखवला आहे का?

नियम खरोखर चांगले आहेत. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम झाले आणि देखरेखीला १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. परवानगीशिवाय सोर्स एका साइटवरून दुसऱ्या साइटवर हलवता येत नाही. जोरदार सोर्सची पेटी कशी असावी याच्या कसोट्या जगभर ठरलेल्या आहेत. नऊ मीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर टाकली तरी आणि आठशे अंशांच्या आगीत अर्धा तास राहिली तरी आतला सोर्स सुरक्षित राहिला पाहिजे. पेटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह आणि पांढरे किंवा पिवळे लेबल हवे. लेबलवर आकडा एक, दोन किंवा तीन असतो, तीन म्हणजे सर्वांत जास्त जपायचे. ड्रायव्हर बसतो तिथे किरणांचे मोजमाप तासाला ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आत हवे. गाडीत किरण मोजायचे सर्व्हे मीटर हवे आणि अपघात झाला तर काय करायचे याचे कार्ड हवे. एसटी, वडाप, रेल्वे अशा लोकांच्या वाहनातून ही पेटी न्यायची नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला या कामावर कामगार म्हणून ठेवता येत नाही. कामगारासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट आणि सामान्य माणसासाठी १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. कामगाराने छातीवर बिल्ला लावायचा असतो. त्याला टीएलडी म्हणतात. ठरावीक मुदतीने तो प्रयोगशाळेत जातो आणि त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले याची नोंद होते.

आता हे सगळे आपल्या पोराच्या बाजूने पाहा. वस्त्यांतल्या बैठकांत आम्ही या कामावर जाऊन आलेल्या मुलांशी बोललो. "पेटी कुठे ठेवायचे?" विचारले, तर उत्तर आले, "जीपमध्ये मागे, आमच्या पायाशी." "रात्री?" "ढाब्यावर थांबलो तर गाडीतच. कुणी चोरू नये म्हणून आम्हीच तिथे झोपायचो." "बिल्ला?" "तो साहेबाला असतो." एकाने सांगितले, "ताई, मला वाटायचे त्यात बॅटरी आहे." या मुलाला अडाणी म्हणायचे कारण नाही. ज्याने सांगायचे त्यानेच सांगितले नाही, तर त्याला कळणार कसे?

यात गंमत अशी की कागदावर कुठेच चूक दिसत नाही. परवाना कंपनीचा, बिल्ला प्रशिक्षित रेडिओग्राफरचा, नोंद त्याची. हेल्पर कंपनीचा नसतोच, तो ठेकेदाराच्या ठेकेदाराचा असतो. रोजावर आला, रोजावर गेला. कागदावर तो माणूसच नाही, तर त्याच्या अंगावर पडलेले किरण कुठल्या वहीत लिहिणार? आपल्या समाजाला ही रीत नवीन नाही. घाण काढायची असो वा गटारात उतरायचे असो, धोक्याचे शेवटचे टोक ज्याच्या हातात द्यायचे त्याचे नाव हजेरीत घ्यायचे नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री होते. कामाचे तास, मजुराचे आरोग्य, खाणीतल्या बायकांची बाळंतपणाची सवलत हे प्रश्न दयेचे नसून हक्काचे आहेत, ही जाण या देशाला त्या काळात मिळाली. बिल्ला हाही तसाच हक्क आहे.

कुणी म्हणेल, एवढे काय होणार आहे? म्हणून जगात घडलेल्या काही गोष्टी सांगतो.

एप्रिल २००२ मध्ये बोलिव्हिया देशात कोचाबांबा शहरात असेच काम झाले. कॅमेरा बिघडलेला होता आणि सोर्स पेटीत परत गेलाच नव्हता, तो नळीत बाहेर राहिला. हे कुणाच्या लक्षात आले नाही. सामान गुंडाळले आणि प्रवाशांच्या बसमध्ये माल म्हणून टाकून ला पाझ शहराला परत पाठवले. सुमारे आठ तासांचा प्रवास. वर माणसे बसलेली, खाली उघडा सोर्स. नशिबाने कुणी दगावले नाही. पण आपण एसटीच्या डिकीत काय काय टाकतो ते आठवा.

त्याआधी फेब्रुवारी १९९९ मध्ये पेरू देशात यानांगो येथे जलविद्युत केंद्राच्या कामावर एका वेल्डरला सोर्स जमिनीवर सापडला. छोटी चकचकीत वस्तू म्हणून त्याने ती उचलून पँटच्या मागच्या खिशात घातली आणि काम करत राहिला. संध्याकाळी तो ती वस्तू घेऊनच घरी गेला. त्याचा पाय गेला. बायकोलाही इजा झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने या दोन्ही घटनांचे अहवाल काढले आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात खाणीतून पर्थ शहराकडे जाणाऱ्या ट्रकमधून सीझियम-१३७ ची एक कुपी गळून पडली. ८ मिलिमीटर उंच आणि ६ मिलिमीटर रुंद, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी. प्रवास सुमारे १४०० किलोमीटरचा. हादऱ्यांनी बोल्ट सैल झाला आणि भोकातून कुपी बाहेर पडली, असे सांगण्यात आले. मोजयंत्रे लावलेल्या गाड्या फिरवून १ फेब्रुवारीला ती रस्त्याच्या कडेला सापडली. त्या देशाकडे साधने होती, म्हणून सापडली. आपल्याकडचे रस्ते कसे आहेत आणि जीप किती उसळते हे आम्ही वेगळे सांगायला नको. बोल्ट हादऱ्याने सैल होतो, मग रस्ता कोणत्याही देशाचा असो.

आणि भंगार? आपल्या वस्त्यांतली किती घरे भंगारावर चालतात ते आपल्याला माहीत आहे. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातले कॅन्सरचे यंत्र भंगार म्हणून काढले गेले. आतली सीझियमची पूड अंधारात निळी चमकायची, म्हणून लोकांनी ती वाटून घेतली आणि अंगाला लावली. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. घरातली माणसे एकामागून एक आजारी पडताहेत आणि कारण ही वस्तूच आहे, हे सर्वांत आधी ओळखले ते भंगारवाल्याच्या बायकोने. तिने ती वस्तू पिशवीत घालून बसने आरोग्य खात्याच्या कचेरीत नेली आणि सांगितले, "हे माझ्या माणसांना मारते आहे." ती बाई वाचली नाही, पण तिच्यामुळे शहर जागे झाले. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली. वस्तीतल्या बाईची शंका तज्ज्ञाच्या यंत्राइतकीच मोलाची असते, हे आम्ही नर्सच्या नोकरीत आणि नंतर वस्तीच्या कामात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आपल्या देशातही एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच घडले. दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्ट-६० चे यंत्र लिलावात विकले. भंगारवाल्यांनी ते फोडले. अनेक जण रुग्णालयात गेले, एक कामगार मेला. यंत्र विकणारे शिकलेले होते, मेला तो फोडणारा. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडला, तेव्हा त्या पोलादाचा माग आपल्या खोपोलीच्या ओतकाम कारखान्यापर्यंत आला होता. म्हणजे रस्त्यात हरवलेली किंवा कोपऱ्यात विसरलेली वस्तू भंगारात जाते, भंगार भट्टीत जाते आणि सुरुवातीला सगळ्यांत आधी तिला आपल्यासारख्यांचा हात लागतो.

आता नर्स म्हणून चार गोष्टी सांगतो, त्या कापून भिंतीला लावा.

पहिली, किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही आणि लागताना दुखत नाही. भाजल्याची खूण काही दिवसांनी उमटते. आधी लाली, खाज, मग फोड, मग न भरणारी जखम. खूप जास्त किरण लागले तर काही तासांतच मळमळ आणि उलट्या सुरू होतात, पुढे केस गळतात, हिरड्यांतून रक्त येते. डॉक्टर याला कीटक चावला किंवा गरम वस्तू लागली असे समजू शकतात. म्हणून डॉक्टरला आपणहून सांगा, "मी आरटीच्या पेटीजवळ काम करत होतो" किंवा "मला अशी वस्तू सापडली होती." रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्या आणि ती पुन्हा पुन्हा करायला सांगा, कारण पेशी कशा उतरतात त्यावरून अंदाज येतो. गावात उपाय नसेल तर बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय गाठा.

दुसरी, वाचण्याचे तीन उपाय आहेत. वेळ कमी, अंतर जास्त, आणि मध्ये जड आड. चुलीचे उदाहरण घ्या. लांब सरकलात की धग कमी होते. इथे अंतर दुप्पट केले की किरण चौथ्या हिश्श्यावर येतात, तिप्पट केले की नवव्या हिश्श्यावर. २० क्युरीचा इरिडियमचा सोर्स उघडा असेल तर एक मीटरवर एका मिनिटाच्या आत सामान्य माणसाची वर्षभराची मर्यादा संपते. तोच हातात धरला तर बोटे जातात. म्हणून सापडलेली अनोळखी, छोटी, चकचकीत धातूची वस्तू, तारेच्या टोकाची कुपी किंवा आकाराच्या मानाने फारच जड पेटी उचलू नका, खिशात घालू नका, फोडू नका. पोरांना लांब न्या, जागेवर राखण ठेवायची ती लांबूनच ठेवा आणि ११२ ला फोन करून "किरणोत्सर्गी वस्तू असावी" हे शब्द वापरा.

तिसरी, किरण लागलेल्या माणसाचा विटाळ होत नाही. बंद कुपीच्या सोर्सजवळ राहिलेला माणूस दुसऱ्याला किरण देत नाही, जसे एक्स-रे काढून आलेला माणूस देत नाही. त्याच्याशेजारी बसा, त्याच्या ताटात जेवा. पूड सांडली असेल तरच कपडे बदलणे आणि अंग धुणे लागते. गोयानियातल्या लोकांना नंतर हॉटेलांत खोली मिळेना, लोक त्यांच्यापासून दूर पळत. शिवाशिव काय असते हे आपल्याला शिकवायला नको. ती आपल्या हातून होऊ नये.

चौथी, कागद जपा. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा असो की आता त्याची जागा घेणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, किरणांमुळे होणारा आजार हा व्यवसायाचा आजार म्हणून यादीत आहे. पण एकाच मालकाकडे सलग सहा महिने असे काम केल्याचे दाखवावे लागते. हजेरी नाही, बिल्ला नाही, तर दाखवणार काय? म्हणून तारीख, साइटचे नाव, ठेकेदाराचे नाव, गाडीचा नंबर वहीत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

यावर आमचे काही इंजिनिअर मित्र म्हणतात, "तुम्ही असे लिहिलेत तर पोरे काम सोडतील, हातची मजुरी जाईल." आम्हाला हे पटत नाही. हेल्परला बिल्ला, दोन दिवसांचे शिकवणे आणि मराठीत लिहिलेले कार्ड देण्याने काम बंद पडत नाही. उलट शिकलेला हेल्पर पुढे परीक्षा देऊन रेडिओग्राफर होऊ शकतो. बारावी विज्ञान झालेली किती मुले आपल्याकडे घरी बसून आहेत! मजुरी जाईल ही भीती दाखवूनच आजवर आपल्याला मुखपट्टीशिवाय, बुटांशिवाय राबवले गेले.

दुसरे म्हणतात, "सोर्स कुठे ठेवला आहे ते गावाला सांगावे." इथे आम्ही जपून बोलतो. पेटी कुठल्या खोलीत आहे हे चौकात लिहिले तर चोरीची भीती वाढेल. पण पोलीस ठाणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या दोघांना माहिती असलीच पाहिजे. अपघात होतो तेव्हा पहिला माणूस तिथूनच येतो, मुंबईहून नव्हे.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. बिल्ला आणि नोंदीशिवाय कुणीही सोर्सच्या गाडीत बसू नये आणि ही जबाबदारी ठेकेदाराची नव्हे, मूळ परवानाधारकाची असावी. गाडीतले अपघाताचे कार्ड मराठीतही असावे आणि ड्रायव्हर-हेल्परला वाचून दाखवावे. काम संपले की सोर्स पेटीत परतला का हे मीटरने मोजल्याशिवाय गाडी हलू नये आणि मोजलेला आकडा वहीत लिहून हेल्परचीही सही घ्यावी. तालुक्याच्या भंगारवाल्यांना आणि कचरा वेचणाऱ्या बायांना तीन पाकळ्यांचे चिन्ह एकदा तरी दाखवावे.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातातले आजच करता येईल. येत्या रविवारी विहारात मुलांची बैठक होते, तिथे तीन पाकळ्यांचे चिन्ह फळ्यावर काढा. कामावर निघालेल्या पोराला आईने भाकरी बांधून देताना एवढेच विचारावे, "पेटीत काय आहे, आणि तुझा बिल्ला कुठे आहे?" उत्तर मिळेपर्यंत त्याने गाडीत बसू नये.